केमो चालू असताना उपास, तेल आणि प्रार्थना

ताई, आईंना केमोनंतर प्रार्थना सुचत नाही आणि नातेवाईक ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. वर एका भाऊंनी तीन दिवसांचा उपास सुचवलाय. तो आईंना अजिबात नको. केमोत अन्नपाणी आधीच कमी जातं. करायचाच तर घरातल्या धडधाकट माणसांनी करावा.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १३ कुणीतरी वाचून दाखवा. सहाच ओव्या आहेत, मळमळीतही ऐकवतात. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रेषित पौलानेही देवाला तीनदा विनवलं आणि त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, निघाला नाही (२ करिंथ १२). त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

याकोब ५:१४ प्रमाणे चर्चच्या वडीलमंडळींना तेल लावून प्रार्थना करायला जरूर बोलवा. तेलाचं एक बोट कपाळाला पुरे. रेडिएशन चालू असेल तर त्या जागेवर तेल लावू नका, डॉक्टरांनी त्वचेवर केलेल्या खुणाही पुसू देऊ नका. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवस पांढऱ्या पेशी फार कमी असतात, संसर्ग लवकर होतो, तेव्हा खोलीत गर्दीची प्रार्थनासभा नको. पुढच्या डोसच्या एकदोन दिवस आधी दोघंतिघं, हात धुऊन, पंधरा मिनिटं बसा. प्रभुभोजन घरीच मागा, प्याला वेगळा ठेवा. तोंड आलं असेल तर भाकर द्राक्षरसात भिजवून द्या.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर प्रार्थना संपायची वाट पाहू नका. खेड्यातून रात्री नागपूर किंवा सेवाग्रामचं हॉस्पिटल गाठायला वेळ लागतो. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा आणि प्रार्थना गाडीत करा.