सगळ्यायले एकच वाण पाहिजे, ही मागणी आली कुठून?

वावरवाला, यवतमाळ जिल्हा
मंडळी, एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाही राहिली. जूनमध्ये कपाशीचं बियाणं आणायले कृषी केंद्रात गेलो, पंधरा-वीस जण उभे अन् जवळपास सगळे एकाच वाणाचं नाव घेऊन राहिले होते, ते संपलं म्हटल्यावर बाकीच्या पाकिटांले कोणी हात नाही लावला, एक जण तर वरचे पैसे द्यायले तयार. आता सांगा, सगळ्यात बीजी-२ च (म्हणजे बोंडअळीले मारणारे दोन जनुक टाकलेली बीटी कपाशी), पाकीट ४७५ ग्रॅमचंच, भावाची हद्द सरकारनं बांधलेली. मंग हेच नाव तोंडात कसं बसलं? मागच्या साली त्या कंपनीची गाडी भोंगा लावून गावात फिरली होती, अन् स्टँडच्या भिंतीवर हातभर बोंड रंगवलेलं आहे. गरज आपली का त्यायची?

मास्तर
भाऊ, हा वाद जुना आहे. गॅलब्रेथ नावाचा अर्थतज्ज्ञ, जो १९६१ ते ६३ इथं अमेरिकेचा राजदूत होता, त्यानं १९५८ मध्येच म्हटलं की कारखानाच गरज तयार करतो अन् मग तीच भागवतो, तर अशा उत्पादनाले एवढं महत्त्व कावून द्यायचं? हायेक नावाच्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये त्याले उत्तर दिलं, की पोटापलीकडच्या बहुतेक आवडी आपण दुसऱ्यांकडूनच शिकतो, साहित्याची आवडसुद्धा, म्हणून ती खोटी होत नाही, अन् एकटी कंपनी काही सगळं ठरवू शकत नाही. मले हायेकचं पटते. शेजाऱ्याच्या वावरात जे पिकलं तेच आपण मागतो.

पऱ्हाटी
सर, शेजाऱ्यानं तरी कोणाचं पाहून लावलं? बीटी २००२ मध्ये आली तेव्हा कोणी फसवलं नाही, बोंडअळी खरंच पीक खात होती, फवारे वाचले. पण २०१७ ले गुलाबी अळीनं बीजी-२ ची बोंडं आतून पोखरली तरी भिंतीवरचं बोंड तसंच पांढरंशुभ्र. अन् भाव जर एका हद्दीत बांधला तर कंपन्यांनी भांडायचं कशावर? नावावरच न. उलट अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-७ हे देशी वाण, त्याचं नाव कोणत्या भिंतीवर पाहिलं का? सरकी घरी राखता येते, मंग दरवर्षी पाकीट कोण घेईल, त्याची जाहिरात करून कोणाच्या गल्ल्यात पैसे पडतील? जे दरवर्षी विकल्या जाते त्याचाच भोंगा वाजते, अन् जे ऐकलंच नाही ते मागणार कसं? हायेकच्या हिशोबात हे बसत नाही.

वावरवाला
ताई, हे तं लक्षातच नव्हतं आलं. माय सरकी शेणमातीत घोळून वाळवायची, अंगणभर काळ्या गोळ्या, आम्ही पोट्टे राखण करायचो. देशीचं बोंड लहान, वेचाई जास्त लागते, हे मले माहीत आहे. तरी यंदा अकोल्याले चौकशी करतो, अर्धा एकर लावून पाहतो, अन् वेचणी झाली की इथंच हिशोब टाकतो.