मदत हवी आहे: क्लेप परीक्षेचं कॅल्क्युलस मेजरला (मुख्य विषयाला) चालतं का?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात आहे, एफ-१ व्हिसा. क्लेपच्या (वर्गात न बसता, नुसती परीक्षा देऊन कॉलेजचे क्रेडिट्स मिळवायची सोय) कॅल्क्युलस परीक्षेत ५२ आले (स्केल २० ते ८०). कॉलेजची अट ५० ची होती, ४ क्रेडिट्स मिळाले. ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड नाही, नुसतं 'सीआर' (क्रेडिट).

आता इंजिनिअरिंगसाठी स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायचंय. क्लेप घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून स्कोअर थेट तिकडे पाठवला, कारण आधीच्या कॉलेजचा शिक्का पुढचं कॉलेज मानेलच असं नाही. ॲडमिशनवाले म्हणतात विभागाला विचारा, विभाग म्हणतो ॲडमिशनला. परीक्षा पुन्हा द्यायची तर ३ महिने थांबावं लागतं. कॅल्क्युलस-२ ची नोंदणी त्याआधीच बंद होते.

अशा 'सीआर'वर कोणाला कॅल्क्युलस-२ ला बसू दिलंय का, की ते क्रेडिट्स इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) टाकले? आणि लेखी निर्णय नेमका कोणाकडून मागायचा?