साठीनंतर वजन उतरवायचंय, पण घरात स्वयंपाक एकच

पारिजात

नमस्कार मंडळी. वय ६३, उंची १५३ सें.मी., वजन ७४. डोंबिवलीत मुलगा-सून-नातवासोबत राहते. दोन्ही गुडघे धरलेत, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, ऑपरेशनचं पुढे बघू, आधी सहा-सात किलो कमी करा. साखर आहे, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे.

अडचण अशी की स्वयंपाक सून करते. ती सकाळी सहाला उठून तीन डबे भरते आणि ७:५२ची लोकल पकडते. माझ्यासाठी वेगळी भाकरी, वेगळी भाजी कर असं मी तिला सांगणार नाही. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनाभर भात पूर्ण बंद केला. दीड किलो उतरलं, पण अंगात त्राण राहिलं नाही, दुपारी चार वाजता हातपाय गळाल्यासारखे व्हायचे. भात सुरू केल्यावर वजन होतं तिथे आलं. भाचा म्हणतो दोन वेळा जेव, शेजारच्या ताई म्हणतात दर दोन तासांनी खा. घरात जे शिजतं तेच खाऊन, हळूहळू का होईना, कुणी वजन उतरवलंय का? साठीच्या पुढच्यांनी सांगितलं तर बरं होईल.

रानवाट

मी ६१, पुणे. डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवण, प्रत्येकी ५५ मिनिटांत, मला मानवलं. ऑफिस सुटल्यावर मधलं खाणं बंद करणं सोपं गेलं. पण मला साखर नाही आणि गोळी कुठलीच नाही. तुम्ही गोळ्यांवर आहात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नका. माझ्या धाकट्या बहिणीला ते अजिबात झेपलं नाही, दुसऱ्या जेवणाला ती दुप्पट जेवायची.

वाशिष्ठीकाठ

पारिजातताई, मी ६८ वर्षांची, चिपळूणजवळच्या गावात राहते. नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका म्हणून झाली. निवृत्तीच्या वेळी वजन ७९ होतं, आता ६७च्या आसपास आहे. अडीचेक वर्षं लागली आणि तेवढी लागणंच चांगलं. कोकणातलं घर, दोन्ही वेळा भात. तो मी कधीच बंद केला नाही.

भात सोडल्यावर तुम्हाला गळाठा का आला, ते आधी सांगते. आपल्याकडे वरण, आमटी, ताक हे सगळं भातावरच येतं. भात ताटातून गेला की त्याच्याबरोबर वरण जातं, कालवायचं दही-ताक जातं आणि उरते दोन पोळ्या नि फोडभर भाजी. म्हणजे प्रथिनंच गेली. आपल्या वयात वजन उतरताना चरबीबरोबर मांसही उतरतं. प्रथिनं कमी पडली आणि घाई केली तर मांड्या आणि दंड आधी रिकामे होतात. काट्यावर आकडा कमी दिसतो, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. असलं वजन उतरून गुडघ्याचा काहीच फायदा नाही, कारण गुडघ्याला धरून ठेवतात ते मांडीचे स्नायूच.

तेव्हा सुनेला काहीही वेगळं करायला सांगू नका. वाढून घेण्याची पद्धत बदला.

तिने डाळ शिजवली की पाणी घालून फोडणी देण्याआधी एक वाटी घट्ट डाळ तुमच्यासाठी काढून ठेवायला सांगा. एवढंच तिचं काम. जेवताना ती डाळ मीठ-लिंबू पिळून वाटीनेच खायची, हवं तर वरून चमचाभर तूप. तीस ग्रॅम कोरड्या डाळीची ती वाटी, म्हणजे सात ग्रॅम प्रथिनं झाली. मग भाजी, काकडी-टोमॅटो जे असेल ते. भात शेवटी आणि तोही भातवाढणीने नाही, आमटीच्या छोट्या वाटीने. वाटी एकदा पालथी घालायची, मूद पडते तेवढा भात. मी दुपारी एक मूद घेते, रात्री अर्धी. पूर्वी भातवाढणीने घ्यायचे तेव्हा तिप्पट जात असणार, कारण भातवाढणीला मापच नाही.

प्रथिनांचं मोजमाप तुमच्या डॉक्टरांकडून एकदा घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२०चा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हाताऱ्या माणसांना एक ते १.२ द्यावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात. तुम्हाला ढोबळमानाने दिवसाला साठेक ग्रॅम. घट्ट डाळ, वाटीभर मटकी किंवा वालाची उसळ, वाटीभर दही, दोन अंडी (खात असाल तर), आणि पोळीतून येतं ते, असं धरलं तर चाळिशीच्या घरात जातं. माझ्याकडे बांगडा असतो. एक मध्यम बांगडा सोळा-सतरा ग्रॅम देतो, पण रव्यात घोळून तळलेला नाही, तिरफळ घालून केलेल्या आमटीतला. तुम्ही मासे खात नसाल तर कुळथाचं पिठलं करून बघा, त्याला वेळ लागत नाही आणि ते तुम्ही स्वतःही करू शकता.

आता ज्याबद्दल आपण बायका बोलत नाही ते. घरातलं उरलेलं कोण खातं? नातवाने ताटात ठेवलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, सकाळची चार चमचे भाजी. अन्न टाकवत नाही, ही आपली शिकवण, आणि ती बरोबरच आहे. पण माझ्या अंगावर जे आलं त्यातलं निम्मं ताटावर बसल्यावर आलेलं नव्हतं, ओट्याजवळ उभ्याने आलेलं होतं. मी तांदूळ कोरडे असतानाच मोजायला लागले. माणशी किती लागतात ते आठवडाभर पाहिलं आणि एक वाटी त्यासाठी ठरवून टाकली. उरायचंच थांबलं. तरी उरलं तर झाकून फ्रीजमध्ये जातं, दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात सगळ्यांना होतो.

संध्याकाळचा चहा हा दुसरा मोठा दरवाजा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसात चार वेळा म्हणजे आठ चमचे, चाळीस ग्रॅम साखर, १६० उष्मांक. सोबत मूठ-दीड मूठ फरसाण, की अडीचशेच्या वर. एकदम बंद करू नका, चिडचिड होते. साखर मी अर्धा अर्धा चमचा कमी करत गेले, प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे थांबून. जिभेला कळलंही नाही. फरसाणाऐवजी भाजलेले फुटाणे, सालासकट. चारच्या सुमारास तुम्हाला जो गळाठा येतो तिथेच ते खा.

तेलाचा हिशोब सुनेबरोबर बसून करा, प्रेमाने. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० उष्मांक, आणि फोडणीत ते चार चमचे की सात, हे डोळ्यांना कळत नाही. आमच्याकडे महिन्याचं तेल आणलं की आठवड्याचं एका बाटलीत काढतो. बाटली रविवारपर्यंत पुरवायची. घरातल्या सगळ्यांचाच फायदा आहे, त्यामुळे ‘आईंचं पथ्य’ असं त्याला नाव पडत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पथ्य म्हटलं की घरचे दया दाखवायला लागतात आणि एक दिवस हातावर जिलबी ठेवतात.

दिवसाला २०० उष्मांक कमी झाले तर गणिताने महिन्याला पाऊण किलो. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतं, कारण अंग हलकं होत जातं तशी त्याची गरजही कमी होते. महिन्याला अर्धा किलो उतरलं तरी वर्षात सहा किलो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच. आणि गुडघ्यांसाठी एक धीराची गोष्ट. २००५ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर लोकांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन घटलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो. दोन किलो उतरल्यावरच मला आमच्या घाटीच्या पायऱ्यांवर फरक कळला.

सातारा_फिजिशियन

वाशिष्ठीकाठ ताईंनी बहुतेक सगळं नेमकं लिहिलंय. औषधांपुरतं जोडतो. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल किंवा इन्शुलिन असेल, तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलावा लागू शकतो. तुमच्या गोळीच्या पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत का ते आजच बघा. अनेकांना मेटफॉर्मिन म्हणून जी गोळी माहीत असते ती जोडगोळी असते. दुपारी चारचा गळाठा, घाम, हात थरथरणं हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. तसं झालं की त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर बघा आणि ७०च्या खाली असेल तर साखरपाणी घ्या. वजन उतरेल तसा रक्तदाबही उतरतो, उठताना चक्कर येऊ लागली तर गोळी तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ करून घ्या, त्याच्या कमतरतेनेही थकवा येतो. प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन बघा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशोब वेगळा लागतो.

पारिजात

डॉक्टर, पाकीट पाहिलं. नावं दोन आहेत, दुसरं ग्लिमेपिराइडच. सोमवारी जाते त्यांच्याकडे. वाशिष्ठीकाठ ताई, तुमचं उत्तर सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घट्ट डाळ काढायला कितीसा वेळ लागतो, मलाही एक वाटी काढते. उभ्याने खाण्याचं वाचून मीच गप्प झाले, नातवाच्या डब्यातलं रोजचं परत आलेलं माझ्याच पोटात जातं.

दोन प्रश्न. माझे सोमवार आणि संकष्टी असतात. उपासाला साबुदाण्याची खिचडी होते, तीही सून हौसेने करते. आणि चालायचं म्हटलं तर गुडघे दुखतात, मग स्नायू टिकणार कसे?

वाशिष्ठीकाठ

पारिजातताई, गोळीचं कळलं ते फार बरं झालं. उपासाचंही सोमवारी त्यांना सांगा. ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर निरंकार राहणं धोक्याचं आहे. ती गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे त्यांनीच ठरवायला हवं.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅम कोरड्याला ३५० उष्मांक आणि प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात बटाटा, दाणे, तूप. साखर असलेल्या माणसाने ती बशीभर खाल्ली की उपासाच्या दिवशीच साखर चढते. खिचडी बंद नका करू, सुनेचा हात प्रेमाचा आहे. चार घास खा आणि उरलेलं पोट राजगिऱ्याच्या भाकरीने, दाण्याच्या आमटीने, ताकाने भरा. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, उपासाच्या जिनसांत तोच खरा भरीव. सोमवारी संध्याकाळी उपास सोडताना मात्र मुगाची डाळ ताटात असू द्या.

गुडघ्यांसाठी चालण्याच्या आधी खुर्चीचा व्यायाम. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, फोल्डिंगची नको. बैठक उंच वाटावी म्हणून तीवर जाड उशी ठेवा, हात छातीशी, आणि हळू उभं राहून त्याहून हळू बसा. सुरुवातीला पाच-सहा वेळा, दुखलं की थांबा. पंधरवड्याने उशी पातळ करा. दुसरा, खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून मांडी आवळून धरायची. टीव्ही बघताना होतो. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून घेतलंत तर उत्तम.

काट्यावर रोज चढू नका, आठवड्यातून एक ठरलेला वार, सकाळी, काही खाण्याआधी. त्यासोबत शिंप्याच्या टेपने बेंबीजवळ कंबर मोजा. बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, तुम्ही आजचा आकडा लिहून ठेवा. माझं वजन मधे तीन-चार महिने जागचं हललं नव्हतं, त्या काळात कंबर मात्र दोन बोटं आत गेली. सोमवारी डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मग भाताचं आणि चहाचं कुठून सुरू करायचं ते बघू.