स्टोनच्या सिनेमातला कोर्टाचा सीन गेला कुठे? (तातडीची मदत हवी आहे)

जुनाखेळ: परवा आमच्या ग्रुपमध्ये हॉलिवूडचा लेखक-दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन याच्या सिनेमावर बोलायचंय. मूळ पटकथा कशी पार बदलली, यावर. अर्धं भाषण कोर्टाच्या सीनवर बेतलंय आणि आज सिनेमा लावला तर तो सीनच नाही! मी पाहिलाय, शप्पथ. कुठे मिळेल? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

निवांत_वाचक: सिनेमाचं नाव?

टोनीभक्त: 'स्कारफेस' (१९८३) असणार. पटकथा स्टोनची, दिग्दर्शन डी पाल्माचं. आधी सिडनी ल्युमेट करणार होता. नायक क्यूबातून आलेला निर्वासित असावा ही कल्पना त्याचीच, पण स्टोनची पटकथा पटली नाही म्हणून बाहेर पडला. पुढे काटछाट करूनही 'एक्स' (फक्त प्रौढांसाठीचं) सर्टिफिकेट सुटेना, अपिलात जरा सौम्य 'आर' मिळालं.

जुनाखेळ: स्कारफेस कुठून काढलात? स्टोनने दिग्दर्शित केलेला हो! मिकी-मॅलरी, ती खुनी जोडी.

रीळवाला: मग 'नॅचरल बॉर्न किलर्स' (१९९४) असं लिहायला काय झालं होतं? थेटरातली आवृत्ती पाहताय की डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाच्या मनासारखी आवृत्ती)?

जुनाखेळ: डायरेक्टर्स कट. त्यात सगळं असायला हवं ना!

रीळवाला: तिथेच गफलत झालीय. त्यात परत आली ती रेटिंगसाठी कापावी लागलेली हिंसा, सगळी मिळून जेमतेम चारेक मिनिटं. कोर्टाचा सीन मुळात थेटरात आलाच नाही. मिकी स्वतःच स्वतःचा वकील, नटी ॲशली जड साक्षीदार, आणि तो तिला पेन्सिलने भोसकतो, तोच ना? तो डिस्कवर 'वगळलेल्या प्रसंगां'त वेगळा आहे. चित्रित केलेला दुसरा शेवटही बघा, ओवेन नावाचा कैदी मिकी-मॅलरीला मारतो तो. आणि जपून, कोर्टाचा सीन क्वेंटिन टॅरँटिनोच्या मूळ पटकथेतलाच आहे. स्टोनने घुसडला म्हणालात तर तोंडावर पडाल.

कट्टेकरी: बाकी वाट स्टोननेच लावली. टॅरँटिनोच्या पटकथेत टीव्हीवाल्या वेन गेलला कितीतरी जास्त जागा होती. स्टोन, व्हेलोझ आणि रुटोव्स्कीने फेरलेखन करून झोत मिकी-मॅलरीवर वळवला. टॅरँटिनोच्या नावावर उरली फक्त 'कथा'.

टोनीभक्त: वाट कसली? मिकीच्या भूमिकेसाठी आधी मायकेल मॅडसनचा विचार होता, तो पहिल्या फ्रेमपासून खुनी वाटला असता. मिकी झालेला वुडी हॅरल्सन म्हणजे 'चीअर्स' या टीव्ही मालिकेतला भोळा बारटेंडर. तो हसत हसत मारतो म्हणून तर अंगावर येतं.

कट्टेकरी: निवड चांगली होती हो. मी पटकथेबद्दल बोलतोय, तुम्ही नटांवर काय घसरताय?

सुलभा_ताई: ग्रुपला दाखवणार असाल तर आधी स्पीकर तपासा. आमच्या वेळी चित्र होतं, आवाज नव्हता.

जुनाखेळ: रीळवाला, धन्यवाद! डिस्क सापडली, मागे यादीत तो सीनही लिहिलाय. आता नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. कोणाकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आहे का?