एआयचे जागतिक करार आणि मारेगावची पऱ्हाटी (कपाशी): तुमचं मत काय?

कास्तकाराचा पोरगा (यवतमाळ जिल्हा)
गेल्या हंगामात शेजारच्या काकांनी बोंडाचा फोटो एका एआय ॲपला दाखवला. उत्तर आलं, गुलाबी बोंडअळी, लगेच फवारा. त्यांच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) मात्र रात्रीला दोन-तीनच पतंग सापडत होते. सलग ३ दिवस ८-१० पतंग आल्याशिवाय फवारू नका, असं कृषी सहायक दर वर्षी सांगतात. काकांनी ॲपचं ऐकलं. औषधाचे आणि मजुरीचे पैसे गेले, आणि दाद मागायची कुठे हे त्या ॲपवर कुठेच नाही.

माझं म्हणणं, एआयच्या जबाबदारीचे नियम सगळ्या देशांनी मिळूनच करावे लागतील. २०१७ आठवा. फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या हंगामात वापरात असलेलं डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक स्वित्झर्लंडमध्ये वापरायला परवानगी नव्हती, इकडे पाठवायला होती. ती निर्यात थांबायला २०२१ उजाडलं. एआयमध्ये हेच पुन्हा दिसतंय. शाळेत आणि कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रणा युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली (वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून). तीच आपल्याकडे विकायला तो कायदा आडवा येत नाही.

वणीकर
दादा, काकाचं वाईट वाटलं. पण करारानं काही होत नाही. २०२३ ले इंग्लंडातल्या ब्लेचलीत २८ देश अन् युरोपियन युनियननं एआयच्या सुरक्षेचा जाहीरनामा काढला, भारतही होता. फेब्रुवारी २०२५ ले पॅरिसच्या एआय परिषदेत आपले पंतप्रधान सहअध्यक्ष होते, तिथल्या जाहीरनाम्यावर अमेरिका अन् ब्रिटननं सहीच केली नाही. एआयची मोठमोठी मॉडेलं बनवणाऱ्या कंपन्या कोणाच्या हायेत? मले तं इथलाच कायदा पायजे. बियाणं उगवलं नाही तं तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येते, पंचनामा करते. ॲपच्या सल्ल्याचाही तसाच पंचनामा झाला पायजे.

शेतीशाळेतली ताई
वणीकर भाऊ, पंचनाम्याची कल्पना मला फार आवडली. पण समिती बघणार काय? बियाण्याची पिशवी असते, टॅग असतो, लॉट नंबर असतो. म्हणून तर तक्रार उभी राहते. मॉडेलचा लॉट नंबर कोणता? ते कोणत्या फोटोंवर शिकवलं, त्यात आपल्या काळ्या मातीतली पऱ्हाटी होती का, हे बनवणाराच सांगू शकतो. एकट्या महाराष्ट्राने मागितलं तर तो देईल असं मला वाटत नाही.

आणि सगळेच करार बिनबंधनाचे नसतात. युरोप परिषदेचा (ही युरोपियन युनियनहून वेगळी, मानवी हक्कांसाठीची देशांची संघटना) एआय करार बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटननेही सही केली.

वणीकर
ताई, थो करार मुख्यतः सरकारी वापरासाठी हाय. खासगी कंपन्यायले कसं लागू करायचं, हे ज्याच्या त्याच्या देशावर सोडलं. काकाच्या ॲपले थो कुठं लागतो? लॉट नंबरचं मात्र पटलं. पण थो आपल्या कायद्यात लिहा. आपल्या बाजारात विकायचं असन तं दाखवा, नाही तं विकू नका.

कास्तकाराचा पोरगा
लॉट नंबर मागायचाच, यावर आपण तिघंही आहोत. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हणून भारत एकटाही तो मागू शकतो, हे मान्य. पण नेपाळ, केनियासारख्या देशांतल्या शेतकऱ्याचं काय? त्यांच्यासाठी कोण अडून बसणार? म्हणून मी करारावर ठाम आहे.

काकांच्या मोबाइलमधला फोटो, ॲपच्या उत्तराचा स्क्रीनशॉट आणि औषधाची पावती आहे. तालुक्याला अर्ज देणार आहे. ताई, मसुदा बघून द्याल का?