वेगळा वर्ग नको, त्याच तासात दहा मिनिटं द्या

पहिल्या वर्षाच्या मुलांना परिच्छेदाचा सारांशही लिहिता येत नाही, म्हणून त्यांना वेगळ्या वर्गात बसवावं, असं सुचवलं जातंय. मला ते पटत नाही. वेगळं बसवलं की 'कच्ची मुलं' असा शिक्का बसतो, आणि ज्याला खरी गरज आहे तोच यायचं बंद करतो.

माझ्याकडे एक मुलगी पुस्तक घेऊन आली होती. पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, एक ओळ सुटलेली नाही. पुस्तक मिटवून "आता सांग, काय वाचलंस?" म्हटलं तर गप्प. आळशी अजिबात नव्हती ती. वाचलेलं आठवून बघायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं: पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे.

तेव्हापासून तासाची शेवटची दहा मिनिटं मी वह्या-पुस्तकं मिटवायला लावते. आठवेल ते चार ओळींत लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. गुण नाहीत. त्या दुसऱ्या शाईवरून मलाही कळतं, कुठे शब्द अडलाय आणि कुठे कल्पनाच समजलेली नाही. गणिताचं वेगळं आहे. अपूर्णांक कच्चे असतील तर समोर बसवून एकेक पायरी बोलून घ्यावी लागते, त्याला दहा मिनिटं पुरत नाहीत.