मदत हवी आहे : जर्मनीत तिशीनंतर शिकायला जाणाऱ्याचा आरोग्य विमा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. त्याला जर्मनीत मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय आणि घरात सगळे आनंदात आहेत, पण विम्याचं गाडं अडलंय. तिथल्या सरकारी विम्यात विद्यार्थ्यांचा सवलतीचा हप्ता तिशीपर्यंतच मिळतो. युरोपात आधी कधी विमा नसल्यामुळे ऐच्छिक सभासद म्हणूनही दार बंद, असं आम्हाला सांगण्यात आलं. राहिला खाजगी विमा.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त पॉलिसी दिसतात, पण त्या आधीपासूनचे आजार बहुधा वगळतात. भावाला लहानपणापासून टाईप १ मधुमेह आहे. इन्सुलिन, सेन्सर, तपासण्या हे रोजचंच. त्याशिवायचा विमा म्हणजे नुसता व्हिसासाठीचा कागद, तो मला नको आहे. संपूर्ण संरक्षण देणाऱ्या योजना मधुमेह म्हटलं की नकार देतात किंवा हप्ता फार वाढवतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच काढता येते) महिन्याला ९९२ युरो मिळणार, त्यातच खोलीभाडं आणि जेवण.

शिक्षण संपून नोकरी लागली की सरकारी विम्यात येता येतं, तेव्हा प्रश्न मधल्या दोन वर्षांचा आहे.

तिशीनंतर गेलेल्या आणि मधुमेह किंवा थायरॉईड असलेल्या कुणी काय केलं? इन्सुलिनचा खर्च कुठल्या प्रकारच्या पॉलिसीने खरोखर दिला? विद्यापीठाला लागणारं सरकारी विम्यातून सूट मिळाल्याचं पत्र कसं काढलंत? एजंटांनी कृपया मेसेज करू नये, स्वतःचा अनुभव असेल तर जरूर लिहा.